दहा गुंठ्यांत डॉग बोर्डिंग: बाहेरचं रोजचं काम किती असतं आणि काय काय बिघडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पौडच्या पुढे दहा गुंठे मोकळी जागा आहे, तिथे बोर्डिंग, म्हणजे मालक बाहेरगावी असताना त्यांची कुत्री सांभाळायची सोय काढायची आहे, तुम्ही आणि वहिनी दोघंच, सुरुवातीला एकावेळी दहा-बारा कुत्री ठेवून घ्यायचा विचार आहे, खाणं आणि औषधं तुम्ही दोघं बघणार आणि बाहेरची झाडलोट, धुणं वगैरे एका गड्यावर सोपवणार, तर हे जमेल का आणि बाहेर नेमकं काय बिघडू शकतं. मी मुळशी तालुक्यातच बरीच वर्षं बोर्डिंग चालवते, जे रोज बघते तेच लिहिते. उत्तर लांबेल, पण जागेवर खर्च करायच्या आधी हे पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी कामाची वाटणी उलटी करा. भात-चिकन कोणीही शिजवेल आणि बरेच लोक आपापलं ड्राय फूड पिशवीत मोजून घालून देतातच. अंगण मात्र स्वतःकडे ठेवा, निदान सकाळची पहिली फेरी आणि शी उचलणं तरी. कुत्रं आजारी पडायला लागलं की ते बऱ्याचदा अंगणात आधी दिसतं आणि जेवणाच्या भांड्यात नंतर. लॅब्रॅडॉर अंगात ताप असला तरी भांडं चाटूनपुसून साफ करतो, त्याच्या खाण्यावरून तुम्हाला काही कळणार नाही, पण त्याची शी आणि शू बघितली तर कळतं. आणि ती बघायची असेल तर ती कोणाची आहे हे माहीत पाहिजे, म्हणजे उचलणाऱ्या माणसाला कुत्री नावानिशी ओळखता आली पाहिजेत. गडी दिवसभराच्या कामाला घाईत असतो, तो सगळं एका घमेल्यात गोळा करून टाकतो आणि तुमची सगळी माहिती त्या घमेल्यात जाते.

माझी सकाळ साडेपाचला सुरू होते. एकही कुत्रं बाहेर काढायच्या आधी मी टॉर्च घेऊन जाळीच्या कडेकडेने पूर्ण एक फेरी मारते. काय बघायचं? जाळीखाली रात्रीत कोणी उकरलंय का, बाहेरच्या मोकाट कुत्र्यांनी पण उकरलेलं असू शकतं. कोणी बाहेरून काही फेकलंय का, आमच्या इथे वीकेंडला फार्महाउसवर पार्ट्या होतात आणि सकाळी चिकनची हाडं, मक्याची कणसं आत पडलेली सापडतात, कणसाचा मधला दांडा कुत्र्याने गिळला तर आतड्यात अडकतो आणि थेट ऑपरेशनच. पावसाळ्यात बेडूक आणि भेक, कुत्रं भेकाला तोंडात धरतं आणि तोंडाला फेस आणतं, अशा वेळी डोकं खाली धरून पाइपने कडेकडेने तोंड धुवायचं, पाणी घशात जाऊ द्यायचं नाही आणि वेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन करायचा. आणि साप. सापाबद्दल पुढे वेगळं लिहिते.

मग कुत्री गटागटाने बाहेर. पहिल्या दिवशी आलेली कुत्री नेहमी एकेकटी आणि लीशवर, कितीही मायाळू असली तरी. शहरातल्या फ्लॅटमधल्या कुत्र्यांचा एक प्रॉब्लेम नवीन लोकांना माहीत नसतो, ती गवतावर शी-शू करतच नाहीत. आयुष्यभर सोसायटीच्या पेव्हिंग ब्लॉकवर किंवा डांबरी रस्त्यावर केलेली असते, तुम्ही मोठ्या हौसेने लॉनवर सोडता आणि ते उभं राहतं तुमच्याकडे बघत. पूर्ण दिवस रोखून धरणारी कुत्री मी पाहिली आहेत. अशांना लीशवर बाहेर रस्त्यावर न्यायचं, किंवा अंगणाच्या एका कोपऱ्यात थोडे ब्लॉक बसवून ठेवायचे, म्हणून येतानाच मालकाला विचारून घ्या की घरी कुठे करतो. पण नर कुत्रा सारखा पाय वर करतोय, जोर लावतोय आणि थेंब थेंबच येतंय तर ते लाजणं नाही, खडा अडकलेला असू शकतो, त्याला संध्याकाळपर्यंत थांबायचं नसतं.

शी उचलताना काय बघायचं ते सांगते. पहिल्या दोन-तीन दिवसांत सैल, वर जेलीसारखा चिकट थर आणि कधी लाल रक्ताची एखादी रेघ, हे बोर्डिंगमध्ये पुष्कळ दिसतं, घर सुटल्याच्या ताणाने मोठ्या आतड्याला सूज येते, कुत्रं खेळत-खात असेल तर मालकाला आणि वेटला कळवून लक्ष ठेवायचं. डांबरासारखी काळी शी वेगळी, ते वरच्या आतड्यातलं किंवा पोटातलं पचलेलं रक्त असतं, त्याला लगेच वेट. तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पट्टकृमी. पिल्लाला पाण्यासारखे घाण वासाचे रक्ताचे जुलाब आणि उलट्या, तर पार्वो, म्हणजे विषाणूचा संसर्गजन्य आजार, समजूनच त्याला वेगळं करायचं, टेस्ट नंतर. शू कॉफीसारखी गडद आणि हिरड्या पांढुरक्या, तर गोचीड-ताप डोक्यात आला पाहिजे. हे सगळं लिहायला गेटजवळ एक व्हाइटबोर्ड लावा, नाव, शी, शू, खाणं, एवढेच रकाने. मालकाचा रात्री फोन येतो तेव्हा याच बोर्डावरून खरं उत्तर देता येतं.

उचललेली शी टाकायची कुठे हा प्रश्न जागा घेताना कोणी विचारत नाही. शेणखताच्या उकिरड्यात टाकू नका, कुत्र्याच्या विष्ठेत गोल जंत, हुकवर्म यांची अंडी असतात आणि ते खत भाजीला गेलं तर माणसांपर्यंत पोचतं. विहीर, बोअरवेल, ओढा यांच्यापासून लांब, उंचवट्यावर, झाकण असलेला खड्डा करा. उंचवट्यावर अशासाठी की आपल्याकडच्या पावसात सपाटीवरचा खड्डा भरून वाहतो, मग वर्षभराची घाण आठवड्यात अंगणभर.

धुण्याचा क्रम पक्का ठेवा. आधी कोरडं उचलायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं, मग साबणाने घासायचं, आणि मगच ब्लीच. घाणीवर थेट ब्लीच ओतलं तर ब्लीचची ताकद त्या घाणीतच संपते, शिवाय मुतावर ओतलं तर अमोनियामुळे जो वायू होतो त्याने तुमचे आणि कुत्र्यांचे दोघांचे डोळे आणि घसा जळतो. घरगुती ब्लीच, म्हणजे 5 टक्क्यांच्या आसपासचं सोडियम हायपोक्लोराइट, एका भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग भरपूर पाण्याने धुवून पूर्ण सुकल्यावरच कुत्रं आत. कामाला येणाऱ्या माणसाला एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवा, ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, जास्त साफ होईल म्हणून लोक करतात आणि त्यातून क्लोरीन वायू निघतो. काळं फिनेल तर आणूच नका, त्यातली फिनॉलची द्रव्यं कुत्र्यांना घातक, कुत्रं ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं.

फरशीचं बोलायचं तर टाइल्स नको आणि गुळगुळीत कडप्पा पण नको. कोबा करा, ओला असताना झाडूने रेघा मारून घ्या आणि दर चार फुटाला एक इंच उतार द्या, उतार गटाराकडे आणि गटार केनेलच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे एकाचं घाण पाणी दुसऱ्याच्या खोलीतून जात नाही. गवंडी म्हणेल एवढा उतार कशाला, ऐकू नका. जुलैत त्याच कोब्यावर शेवाळ धरतं, दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासावं लागतं, कंटाळवाणं काम आहे पण टाळलं तर पळत आलेलं जड कुत्रं घसरतं आणि गुडघ्याचं लिगामेंट जातं. रॉटवायलर, लॅब यांच्यात हे जास्त होतं आणि ऑपरेशन फार महाग असतं.

पार्वोमुळे कच्च्या जमिनीचा वापर विचार करून ठरवा. हा विषाणू मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो, सिमेंट ब्लीचने धुता येतं, माती धुता येत नाही. म्हणून ज्या पिल्लांचे लसीचे सगळे डोस झालेले नाहीत ती आमच्याकडे घेतलीच जात नाहीत, कोणी कितीही ओळख सांगितली तरी. मालक रुसतात, रुसू द्यात.

आता गेट. बोर्डिंगमधली सगळ्यात वाईट घटना म्हणजे कुत्रं पळणं आणि त्यातली बहुतेक गेटमधूनच पळतात. त्यामुळे डबल गेट हवंच, बाहेरचं गेट उघडून गाडी आत, ते बंद करून कडी लावायची आणि मगच आतलं गेट. दोन्ही गेटं एकदम उघडी असा क्षण दिवसात एकदाही येता कामा नये. मालक गाडीतून उतरतो आणि कौतुकाने मागचं दार उघडतो, कुत्रं प्रवासाने वैतागलेलं असतं, टुणकन उडी मारतं आणि गेलं. म्हणून नियम असा की गाडी आत, गेट बंद, मी दारापाशी उभी, लीश माझ्या हातात, काच थोडी खाली करून लीश अडकवायची आणि मग दार. पाण्याचा टँकर येतो तेव्हा तर अंगणात एकही कुत्रं नको, कारण टँकर डबल गेटच्या मधल्या जागेत मावत नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे जे एक खरंच पळालं ते असंच टँकरच्या वेळी, बीगल, टँकरवाला ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी आला आणि त्याने हॉर्न न देता बाहेरून हात घालून कडी काढली. बीगल नाक खाली घालून निघालं की त्याला हाकबिक ऐकू येत नाही. अशा वेळी मागे पळायचं नाही, तुम्ही पळालात की तेही पळतं, हायवेकडे गेलं तर संपलं. आम्ही दोघं दोन बाजूंनी लांबून चालत राहिलो, हायवेच्या बाजूने मोटरसायकलवर एकाला उभं केलं, मालकाला लगेच फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. किराणा दुकानात, शाळेच्या फाटकावर आणि दूध डेअरीवर फोटो दाखवून सांगितलं की दिसलं तर पकडू नका, फक्त फोन करा. तासाभरात एका पोराचा फोन आला की वीटभट्टीपाशी आहे. तिथे त्याच्या घरची चादर अंथरली, जवळ उकडलेली कलेजी ठेवली आणि मी पाठ करून जमिनीवर बसून राहिले. आलं ते, बऱ्याच वेळाने, चादरीचा वास घेत. आता बाहेरच्या गेटला आतून कुलूप असतं आणि टँकरवाल्याला वेळेबद्दल लेखी सांगितलेलं आहे. प्रत्येक कुत्र्यासोबत घरची न धुतलेली चादर किंवा टी-शर्ट मागून घ्या, आणि गळ्यात तुमच्या नंबरचा टॅग पहिल्या मिनिटाला घाला, मालकाच्या नंबरचा असतो, पण तो तर तेव्हा विमानात असतो.

पट्ट्याबद्दल एक खास आपल्याकडची गोष्ट. कारवानी, पश्मी, मुधोळ ही निमुळत्या डोक्याची कुत्री, त्यांची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा कितीही आवळला तरी मागे झटका देऊन सहज काढतात आणि एकदा सुटली की माणसाच्या हाताला लागणं अवघड. त्यांना मार्टिंगेल पट्टाच, म्हणजे ओढला की थोडा आवळणारा. आणि आपली देशी कुत्री, इंडीज, माझ्या मते बोर्डिंगमध्ये पहिले दोन दिवस सगळ्यात जास्त लक्ष यांच्याकडे लागतं, ती हुशार असतात, घाबरलेली असतात आणि सहा फुटाची जाळी सरळ चढून जातात. त्यामुळे जाळी सहा-सात फूट आणि वर आतल्या बाजूला झुकलेली. खाली जाळी नुसती जमिनीला टेकवू नका, फूटभर खोल आणि फूट-दीड फूट वर असा सिमेंटचा पाया बांधून त्यात बसवा. खालच्या तीन फुटाला एक इंची वेल्ड मेश लावा, चेनलिंकच्या मोठ्या भोकात लहान कुत्र्याचं तोंड किंवा पंजा अडकतो. शेजारशेजारच्या दोन रनच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जाळीबंद मोकळ्या जागांच्या, मध्ये माणसाच्या कमरेएवढा बंद पत्रा किंवा भिंत, नाहीतर दोन नर दिवसभर जाळीतून एकमेकांवर भुंकत नाकं सोलून घेतात.

भांडणं होतात ती पण बाहेरच, आणि बऱ्याचदा गेटच्या तोंडाशी, सगळी एकदम आत घुसायला बघतात तेव्हा. मध्ये हात घालायचा नाही, चावा तुम्हालाच बसतो. पाण्याची बादली तोंडावर, जाड चादर अंगावर, आणि दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकाचे मागचे पाय उचलून मागे मागे ओढत न्यायचं. एकटी असले तर मी आधी पाण्याचा पाइप घेते. माणसाला चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं, घड्याळ लावून, कुत्र्याची लस झालेली असली तरी, आणि मग डॉक्टर. तुम्ही, वहिनी आणि कामाला येणारा माणूस, तिघांनी रेबीजची चावण्याआधी घ्यायची लस आत्ताच घेऊन ठेवा, मग चावल्यावर दोनच डोस लागतात, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, आणि सीरम लागत नाही.

गोचीड. यावर मी कितीही बोलू शकते. गाडीतून कुत्रं उतरलं की तिथल्या तिथे, आत न्यायच्या आधी, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी बघायचं. रक्त पिऊन टरटरून फुगलेली मादी कुत्र्यावर राहत नाही, ती खाली पडते, भिंतीवर चढते, प्लास्टरच्या भेगेत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. म्हणजे एका कुत्र्याने एक मादी आणली की दोन महिन्यांनी तुमच्या भिंतीत फौज. त्यामुळे गोचिडीचं खरं काम कुत्र्यावर कमी आणि भिंतीवर जास्त आहे, सगळ्या भेगा सिमेंटने बुजवा, पत्र्याचे आणि अँगलचे सांधे बघा. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत पोल्ट्रीवाले वापरतात ती फ्लेम गन भेगांवरून फिरवली की चांगला फरक पडतो, पण शेडनेट, प्लास्टिक, वायरिंग जवळ असेल तिथे अजिबात नाही. काढताना बोटात चिरडू नका, चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायची. येण्याआधी महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी दिलेली असावी अशी अट ठेवा. आणि गावात कोणी म्हणालं की गोचिडीचं इंजेक्शन देऊन टाकू तर थांबवा, ते बऱ्याचदा आयव्हरमेक्टिन असतं, कोली आणि तिच्या जवळच्या जातींना ते सहन न होणारा जीन असू शकतो आणि जिवावर बेततं. औषध वेटच्याच सल्ल्याने.

पावसाळा हा आमच्याकडे कामाचा खरा सीझन, ताम्हिणीच्या बाजूचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. अंगणात मुरूम आणि वर बारीक खडी टाकून पाणी निचरा होईल असं करा. प्रत्येक वेळी आत घेताना पुसायचं, पंजे आणि पोटाखालचं जास्त, आणि एवढे टॉवेल धुवून वाळवायचे कुठे हा प्रश्न रोजचा आहे, एक बंद पत्र्याची शेड नुसती वाळवणाला लागतेच. जाड केसांची कुत्री वरून कोरडी वाटतात पण बोट आत घाला, कातडीशी ओल असते.

अळ्यांचं सांगते कारण हे नवीन माणसाला माहीतच नसतं. एका जुलैत आमच्याकडे एक म्हातारा गोल्डन रिट्रीव्हर होता, खात होता, शेपटी हलवत होता, फक्त एक कान किंचित खाली धरत होता. जवळ बसले तर गोडसर कुजका वास आला. कानामागचे केस बाजूला केले, वर फक्त चिकटलेले केस आणि ओलसर डाग, पण केस कापले तेव्हा खाली पावलीएवढं भोक आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या. माशी ओल्या जखमेवर, कधी नुसत्या खाजवलेल्या ओरखड्यावर अंडी घालते आणि दोन दिवसांत आत पोखरलेलं असतं. त्याच दुपारी वेटकडे नेलं, सगळ्या काढून साफ केलं आणि तो बरा होऊन घरी गेला. तेव्हा पावसाळ्यात रोज संध्याकाळी प्रत्येक कुत्र्याच्या कानामागे, शेपटीखाली आणि मांड्यांच्या आतून हात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. किळस वाटेल, पण सगळ्यात लवकर वासानेच कळतं.

उंदीर आणि साप हे एकच प्रकरण आहे. ड्राय फूड गोणीत ठेवलं की उंदीर येतात, उंदरांच्या मागे साप येतात, आणि उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, जो माणसांनाही होतो. म्हणून फूड घट्ट झाकणाच्या पिंपात, उष्टी भांडी रात्री बाहेर ठेवायची नाहीत, पावसाळ्यात काम करताना गमबूट, आणि येणाऱ्या कुत्र्याच्या लसीत लेप्टो आहे का ते कार्डावर बघायचं. उंदराचं विष टाकू नका, कुत्रं ते विष पण खातं आणि मेलेला उंदीर पण. विटांचे ढीग, लाकूडफाटा, पालापाचोळा अंगणात ठेवायचा नाही, घोणस तिथेच बसते. कुत्रं नाक पुढे घालून हुंगायला जातं त्यामुळे दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो, तोंड बघता बघता सुजतं. चिरा मारणं, आवळून बांधणं, बर्फ, हळद काही नाही, कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून गाडीत. आणि आजच चौकशी करून ठेवा की जवळच्या कुठल्या वेटकडे सर्पदंशावरचं इंजेक्शन ठेवलेलं असतं आणि रात्री कोण दार उघडतं, सगळ्यांकडे नसतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांना ते एकच इंजेक्शन चालतं, त्यामुळे साप मारून ओळख पटवत बसायची गरज नाही. साप पकडायला सर्पमित्राचा नंबर गेटवर लिहून ठेवा.

रात्रीचं एक. बिबट्या फक्त जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यातच असतो असं समजू नका, आपल्या डोंगराळ भागातही तो आहे आणि कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य. रात्री एकही कुत्रं उघड्यावर किंवा वरून उघड्या जाळीत नको, छत पक्कं पाहिजे आणि रात्रीची शेवटची शू लाइट लावून, माणूस सोबत उभं राहून.

दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं सुरू होतात. कानात, बोटांच्या मध्ये, कधी डोळ्यात पण जातात आणि त्यांची टोकं अशी असतात की ती आत आतच सरकतात. कुत्रं अचानक डोकं एका बाजूला वाकडं करून झटकायला लागलं तर कानात कुसळ समजा, इअरबड घालू नका, ते आणखी आत ढकललं जातं. गवत ऑक्टोबरातच, तुरे पिकायच्या आत कापून गोळा करून बाहेर टाका. ब्रश कटर चालू असताना कुत्री बंद, त्याने उडालेला खडा डोळा फोडू शकतो. आणि कुंपणाला कण्हेर लावू नका, सुंदर दिसते, गुरं खात नाहीत म्हणून सगळे लावतात, पण ती विषारी आहे आणि पिल्लं काहीही चावतात. सायकस पण नको.

उन्हाळ्यात सकाळी सातनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आधी पग, बुलडॉग, शित्झू, हस्की बाहेर नाहीत. कोब्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी उकळतं असतं, ते आधी जमिनीवर सोडून द्यायचं, मगच कुत्र्यावर, हे कामाच्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पगचा श्वास घरघरायला लागला, जीभ लालभडक किंवा जांभळट झाली, तोल जायला लागला तर आधी जागेवरच थंड करायचं, नळाचं पाणी अंगभर सतत आणि पंखा, आणि मग गाडी काढायची. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, 104 च्या वर गेलं की एक मिनिटही घालवायचं नाही. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांना जेवणानंतर दोन तास पळू देऊ नका, पोट फुगलंय आणि नुसत्या ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही असं दिसलं तर पोटाला पीळ बसलेला असू शकतो, तासाभराचा खेळ असतो तो.

दिवाळी आणि गणपती विसर्जन. दिवाळीत बोर्डिंग भरलेलं असतं आणि फटाके पण तेव्हाच. त्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या आत सगळं बाहेरचं आटोपून कुत्री आत, पंखे आणि टीव्ही चालू, आणि रात्री बाहेर न्यावं लागलं तर पट्टा आणि हार्नेस दोन्हीला वेगवेगळी लीश. घाबरलेलं कुत्रं जाळी दाताने तोडताना मी पाहिलं आहे, दात तुटले तरी थांबत नाही. फार घाबरणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला मी सरळ सांगते की आधी वेटला विचारून गोळी लिहून आणा, नाहीतर यावेळी सोबत घेऊन जा.

आता तुमच्या आकड्याचं. दोघं आणि एक गडी एवढ्यात दहा-बारा जमेल, पण पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी पाच-सहा घ्या, गडी असू द्यातच, त्याला धुणं, टॉवेल, गवत, पाणी भरणं ही कामं द्या, आणि सकाळची फेरी, शी उचलणं, गेट आणि संध्याकाळचा कानामागचा हात ही कामं तुम्ही आणि वहिनी वाटून घ्या. म्हणजे तुमच्या दोघांपैकी एकजण रोज, सणासुदीलासुद्धा, घरी असणार हे धरून चाला. बांधकामात आधी पाया आणि जाळी, मग डबल गेट, मग शेड, ऑफिस आणि बोर्ड सगळ्यात शेवटी. आणि शेडची जागा आत्ता उन्हाळ्यात ठरवू नका, एक पावसाळा थांबा, जुलैमध्ये दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर गमबूट घालून प्लॉटवर जा, पाणी कुठून येतं, कुठे साचतं, टँकर कुठे रुततो ते बघून खुंट्या ठोका. तेव्हाचे फोटो आणि उताराची दिशा पाठवलीत तर गटार कुठल्या बाजूला घ्यायचं ते मी सांगेन.